टीनएजर्सना परकीय भाषा शिकवायला घेताय? सुरुवात अशी करा

आठवी-नववी-दहावीतल्या मुलांना पहिल्यांदाच जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जॅपनीज असं काहीतरी शिकवायला उभे राहणार असाल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी जर्मन शिकवते, त्यामुळे उदाहरणं बरीचशी तिथलीच येतील, पण पद्धत कुठल्याही भाषेला चालते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "लहानपणी सुरू केलं असतं तर पटकन आली असती, आता वय गेलं" हे तुम्हाला पालक सांगतील, मुलं स्वतः सांगतील, स्टाफरूममध्येही ऐकायला मिळेल. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-होले या दोघींनी १९७८ साली एक अभ्यास छापला होता. इंग्रजी बोलणारे लोक नेदरलँड्समध्ये राहायला आले होते, लहानमोठे सगळे डच शिकत होते, आणि त्यात पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात झपाट्याने कोण पुढे गेलं तर १२ ते १५ वयाची मुलं. तीन ते पाच वर्षांची मुलं त्या मानाने बरीच मागे होती. म्हणजे डोकं या वयात अगदी तयार असतं, नियम कळतो, तुलना करता येते, पाठांतर होतं. अडतं ते दुसरीकडेच. चारचौघांत हसं होण्याची या वयात जेवढी भीती असते तेवढी ना आधी असते ना नंतर, आणि आपला विषय असा की त्यात रोज, सगळ्यांच्या देखत, तोंडातून अनोळखी आवाज काढावे लागतात.

मी शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी नववीतल्या एका मुलाला उभं करून उतारा वाचायला लावला. जर्मनमध्ये 'मी' म्हणजे 'इश', तो शेवटचा आवाज श आणि ह यांच्या मधला कुठेतरी असतो. तो वाचताना 'इच' म्हणाला, इंग्रजीत इच म्हणजे खाज, मागच्या बाकावरच्या एकाने लगेच अंग खाजवून दाखवलं आणि अख्खा वर्ग हसला. मी "शांत बसा" म्हणाले आणि त्याला पुढे वाचायला लावलं. त्याने वाचलं, मान खाली घालून, आणि त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तो मुलगा माझ्या तासाला स्वतःहून एक शब्द बोलला नाही. पेपरात मार्क चांगले पडायचे हो त्याला. पण बोलला नाही. ही चूक त्याच्या उच्चाराची नव्हती, माझ्या क्रमाची होती. जे सगळ्यात शेवटी करायचं ते मी त्याला सगळ्यात आधी करायला लावलं.

म्हणून खाली जे काही सांगतेय ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं: मुलाचं तोंड उघडलं पाहिजे आणि उघडताना त्याला लाज वाटता कामा नये.

१. वर्गात जायच्या आधी

तासाची तयारी करताना "आज तिसरा धडा संपवायचा" असं लिहू नका. असं लिहा की तास संपल्यावर मुलं तोंडाने काय म्हणू शकतील. "स्वतःला काय आवडतं आणि काय आवडत नाही ते तीन वाक्यांत सांगता येईल." बस, एवढंच, एक ओळ. मग त्या ओळीला जे शब्द लागतात तेच शिकवायचे, जे व्याकरण लागतं तेवढंच घ्यायचं, बाकीचं पुढच्या वेळी. नवीन शिक्षकाला सगळं आजच सांगून टाकायची फार घाई असते, मलाही होती, आणि त्याने मुलांच्या वहीत बरंच काही जातं पण जिभेवर काहीच येत नाही.

दुसरं म्हणजे ही भाषा त्यांनी का घेतली हे विचारून ठेवा, चिठ्ठीवर, नाव न घालता. खरी उत्तरं येतात. कुणाला आईबाबांनी घ्यायला लावलीय, कुणाला दुसरा विषय नको होता, कुणी अॅनिमे बघतो, कुणाला फुटबॉल क्लबच्या मुलाखती कळायला हव्यात. वाईट वाटून घेऊ नका, यातलं प्रत्येक कारण तुमच्या कामाचं आहे, पुढचे सहा महिने उदाहरणं तिथूनच उचलायची.

२. पहिला दिवस

पहिल्या दिवशी बाराखडी नको, त्या देशाची राजधानी आणि झेंडा पण नको. दारातून आत येतानाच त्या भाषेत नमस्कार करा, स्वतःचं नाव सांगा, समोरच्याला विचारा. हावभावावरून त्यांना कळतं. पाच मिनिटांत सगळ्यांनी आपापलं नाव त्या भाषेत सांगितलेलं असतं, आणि घरी गेल्यावर "आज काय शिकवलं" ला त्यांच्याकडे उत्तर असतं.

मग चार वाक्यं फळ्याच्या वर कायमची लावून टाका. जर्मनमध्ये माझी ही आहेत: 'वी बिटे?' (काय म्हणालात?), 'लांगझाम, बिटे' (हळू बोला ना), 'इश फेअरश्टेहे निश्ट' (मला कळलं नाही), 'वी हाइस्ट दास आउफ डॉइच?' (याला जर्मनमध्ये काय म्हणतात?). ही वाक्यं पहिल्या आठवड्यानंतर फक्त त्या भाषेतच बोलायची, मराठीत विचारलं तर हसून भिंतीकडे बोट दाखवायचं. याचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. ज्या मुलाला "कळलं नाही" एवढंही म्हणता येत नाही त्याच्याकडे गप्प बसण्याशिवाय दुसरा मार्गच उरत नाही, आणि आपल्याला वाटतं त्याला रस नाही.

हसण्याबद्दलही पहिल्याच दिवशी बोलून घ्या. शब्दाला हसलेलं चालेल, माणसाला हसलेलं चालणार नाही. जर्मनमध्ये सहाचा आकडा, 'झेक्स', आला की वर्ग फिसकन हसतो, दरवर्षी हसतो, मी दहा सेकंद हसू देते आणि मग सातकडे जाते. पण कुणाच्या उच्चाराची नक्कल झाली तर मी तास थांबवते, आवाज न चढवता, आणि नक्कल करणाऱ्याशी तास संपल्यावर एकट्याशी बोलते. सगळ्यांसमोर झापलं तर आपणही तेच केलं ना, जे त्याने केलं.

३. तोंड उघडायचा क्रम

हा भाग नीट वाचा, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं.

नवीन वाक्य आलं की आधी सगळ्यांनी मिळून म्हणायचं. एका सुरात म्हणताना कुणाचाच आवाज वेगळा कळत नाही, म्हणून अगदी लाजाळू मूलही बोलतं. मोठ्या मुलांना हे बालवाडीसारखं वाटेल अशी भीती असते, तर त्यात थोडा खेळ आणायचा. तेच वाक्य कुजबुजत म्हणा, आता चिडून म्हणा, आता झोपेतून उठल्यासारखं म्हणा, आता बातम्या देतोय तसं. चार वेळा म्हणून झालं आणि कंटाळा कुणालाच आला नाही.

मग जोडीत. जोडी म्हणजे एक ऐकणारा, तो पण तेवढाच चुकणारा. पण जोडीला काम मात्र खरं हवं. "एकमेकांशी बोला" म्हटलं की मुलं मराठीत कालच्या मॅचवर बोलतात, आणि त्यांचं चुकत नाही, बोलायला कारणच दिलेलं नसतं. मी असं करते की एकाच्या कागदावर वेळापत्रकाचा अर्धा भाग आणि दुसऱ्याच्या कागदावर उरलेला अर्धा, एकमेकांचा कागद बघायचा नाही, विचारून विचारून आपापलं वेळापत्रक पूर्ण करायचं. आता मंगळवारी तिसरा तास कशाचा हे त्याला खरंच माहीत नाही आणि समोरच्याला माहीत आहे, म्हणून तो विचारतो. सात-आठ मिनिटं पुरतात. तुम्ही तोवर बाकांमधून फिरायचं, ऐकायचं, वहीत टिपून ठेवायचं, मध्ये बोलायचं नाही. हे मध्ये न बोलणं फार जड जातं, पण जमवा.

जोडीनंतर चौघांत, आणि चौघांनंतर वर्गासमोर, तेही ज्याला यायचंय त्याने. सुरुवातीला तेच ते तीन चेहरे हात वर करतील. करू देत. दोन-तीन महिन्यांत चौथा हात वर होतो.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं किती यावर मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतली रेकॉर्डिंग्ज तपासून काम केलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात किंवा दुसऱ्याला विचारतात असं त्यांना दिसलं, आणि हेच थांबणं तीन सेकंदांच्या वर नेलं तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. आपल्या विषयात तर मुलाला प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर शोधायचं आणि ते परक्या भाषेत जुळवायचं, तिन्ही कामं एकदम आहेत. म्हणून मी मनात सावकाश पाचपर्यंत मोजते. पहिल्या वेळी ती शांतता अंगावर येते, तरी मोजा. आणि नाव शेवटी घ्या. आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे एकोणतीस जण सुटले.

४. मराठी बाहेर ठेवू नका, कामाला लावा

"वर्गात मराठीचा एक शब्दही नको" असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. सूचना, नमस्कार, शाबासकी हे सगळं त्या भाषेतच द्या, त्याबद्दल दुमत नाही. पण व्याकरण समजावताना मुलाच्या डोक्यात जी भाषा आहे तिच्याकडे पाठ फिरवणं म्हणजे हातातला दिवा विझवून चाचपडणं. आपण बरेचदा परकीय भाषा इंग्रजीच्या वाटेने शिकवतो आणि उगाच अवघड करून ठेवतो.

बघा ना. जर्मनमध्ये एकवीसला 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे एक आणि वीस. इंग्रजीतून आलेल्याला हे उलटं वाटतं. मराठीत आपण एक-वीस असंच तर म्हणतो, एकक आधी आणि दशक नंतर. हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की मुलं स्वतःच ओरडतात, "अरे, आपल्यासारखंच आहे!"

तसंच तू आणि तुम्ही. 'डू' आणि 'झी' चा फरक मराठी मुलाला शिकवावाच लागत नाही, फक्त कुठला कोणता एवढं सांगायचं. 'मला आवडतं' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता', तिथेही आवडणारी वस्तू हाच कर्ता, आपल्यासारखाच. जॅपनीजमध्ये क्रियापद शेवटी आणि 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे. जर्मनचं 'झेड' अक्षर म्हणजे चमच्यातला च, 'त्स' च्या जवळचा, चहातला नव्हे, हे सांगितलं की उच्चाराचा अर्धा तास वाचतो. आणि जर्मनमध्ये 'कारण' ने सुरू होणाऱ्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, ज्याची सगळीकडे धास्ती असते: 'वाइल इश म्यूडे बिन'. शब्दाखाली शब्द ठेवा. कारण, मी, दमलेला, आहे. क्रम जसाच्या तसा.

लिंगाचं मात्र जपून. तिन्ही लिंगं मराठीत आहेत, तो-ती-ते, त्यामुळे 'देअर-डी-दास' ही कल्पना लगेच बसते, पण शब्द जुळतीलच असं नाही. पुस्तक दोन्हीकडे 'ते', चंद्र दोन्हीकडे 'तो', पण सूर्य तिकडे 'ती' आणि टेबल तिकडे 'तो'. आणि 'मेडशन' म्हणजे मुलगी चक्क 'ते'! इथे मुली खवळतात, दरवेळी. मग सांगायचं की 'शन' हे लहानपण दाखवणारं शेपूट लागलं की शब्द 'ते' होतोच, आपण 'ते पोर' म्हणतोच की. त्या दिवसानंतर तो नियम कुणी विसरत नाही. नाम नेहमी लिंगासकट पाठ करायला लावा आणि वहीत तीन रंग ठरवून द्या, निळा, लाल, हिरवा.

वर्गात सगळ्यांची घरची भाषा मराठीच असेल असं नाही. मग त्या मुलाला विचारा, "तुमच्याकडे हे कसं म्हणतात?" एरवी मागे बसणारं मूल त्या दिवशी वर्गाला काहीतरी शिकवून जातं.

५. शब्द

एका तासाला आठ-दहा नवे शब्द पुष्कळ झाले. एकेकटा शब्द देण्यापेक्षा छोटा तुकडा द्या, 'भूक' नको, 'मला भूक लागलीय' द्या, कारण तो लगेच वापरता येतो.

विसरण्यावर चिडू नका. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं होतं की शिकलेलं सगळ्यात जास्त सुरुवातीच्या काही तासांत आणि एक-दोन दिवसांत निसटतं, पुढे निसटायचा वेग मंदावतो. याचा आपल्यासाठी अर्थ एवढाच की उजळणी रविवारी एकदम करण्यापेक्षा उद्या पाच मिनिटं, परवा पाच मिनिटं, मग आठवड्याने. सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी एक साधा डबा सुचवला, मी तो बुटांच्या खोक्यात करून घेते. पाच कप्पे. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, असं पुढे पुढे अंतर वाढवत जायचं. यासाठी मोबाईल अॅप्स पण आहेत आणि ती चांगली आहेत, पण कार्ड मुलांनी स्वतःच्या हाताने लिहावं असं माझं मत आहे, लिहितानाच अर्धं काम होतं.

६. चूक कशी सुधारायची

मूल चुकलं की आपण पटकन बरोबर वाक्य बोलून दाखवतो आणि पुढे जातो. रॉय लिस्टर आणि लायला रांता यांनी कॅनडात फ्रेंचमधून शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये छापला, त्यातही शिक्षक सगळ्यात जास्त हेच करताना दिसले आणि मुलांनी सगळ्यात कमी उचललं तेही यातूनच. कारण मुलाला कळतच नाही की ही दुरुस्ती होती, त्याला वाटतं मॅडम "हो" म्हणाल्या. त्यापेक्षा त्याला अर्ध्यापर्यंत आणून सोडा.

"एअर श्पीले फूसबाल," मुलगा म्हणतो. तो फुटबॉल खेळतो असं म्हणायचंय पण क्रियापदाचा शेवट चुकलाय.

"एअर श्पील...?" मी एवढंच म्हणते, आवाज वर ठेवून, आणि थांबते.

"श्पील्ट! एअर श्पील्ट फूसबाल."

सुधारलं कुणी, तर त्याने. यात दोन पथ्यं. एक, जो आजचा मुद्दा आहे तेवढ्याच चुका धरायच्या, बाकी जाऊ द्यायच्या. दोन, मूल मनातलं काही सांगत असेल, म्हणजे आपला कुत्रा आजारी आहे वगैरे, तर व्याकरण अजिबात नाही, आधी कुत्र्याची चौकशी. जोडीत बोलताना ज्या चुका तुम्ही वहीत टिपल्या त्या शेवटच्या पाच मिनिटांत फळ्यावर, कुणाचंही नाव न घेता, आणि दुरुस्त वर्गाने करायच्या.

व्याकरणाचा नियम आधी सांगू नका, पाच-सहा वाक्यं लिहा आणि "काय दिसतंय?" विचारा. या वयाच्या मुलांना नियम शोधायला आवडतं आणि स्वतः शोधलेला नियम लक्षात राहतो. याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

७. मोबाईल आणि गृहपाठ

घरी निबंध लिहायला दिला तर तो ट्रान्सलेटर लिहिणार, हे धरूनच चाला. दोन महिने जर्मन शिकलेल्या मुलाच्या वहीत जेव्हा मी कधी न शिकवलेला काळ वापरून लिहिलेलं वाक्य येतं तेव्हा मी रागावत नाही, "छान, आता हेच मला तोंडी सांग" म्हणते, आणि तिथे दोघांनाही सगळं कळतं. पण खरा उपाय म्हणजे उलटापालट. लिहायचं ते वर्गात, दहा मिनिटं, पेनाने. घरी करायचं ते बोलायचं, तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग करून पाठवायचं, किती वेळा डिलीट करून पुन्हा केलं तरी चालेल. शाळेचे किंवा क्लासचे याबद्दल काय नियम आहेत ते आधी विचारून घ्या आणि पालकांना कल्पना द्या.

पालक विचारतील, "वर्ष झालं, अजून बोलत कसा नाही?" तेव्हा त्यांना पातळ्या समजावून सांगा. युरोपात २००१ पासून भाषा किती येते ते मोजायला सीईएफआर नावाची चौकट वापरतात, ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या. जर्मनच्या ए१ साठी, म्हणजे पहिल्या पायरीसाठी, ग्योथे इन्स्टिट्यूट ही जर्मन शिकवणारी संस्था ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास सुचवतं, आता आपल्याला आठवड्याला दोनच तास मिळत असतील तर गणित त्यांनीच करावं.

८. जे मूल बोलतच नाही

दर वर्गात एक-दोन असतात. त्यांना सोडून देऊ नका आणि ओढूही नका.

माझ्याकडे आठवीत एक मुलगी होती, सगळे मिळून म्हणताना तिचे ओठ हलायचे पण आवाज नसायचा. जोडीत ती कागद पुढे सरकवायची, बोट ठेवायची. रेकॉर्डिंगचा गृहपाठ सुरू केला तेव्हा तिचं पहिलं रेकॉर्डिंग नऊ सेकंदांचं आलं, मागे पंख्याचा आवाज, "हालो, इश बिन..." आणि तिचं नाव, आणि शेवटी दार उघडल्याचा आवाज आला तशी ती थांबलेली. मी मार्क दिले नाहीत, मी पण नऊ-दहा सेकंदांचं उत्तर रेकॉर्ड करून पाठवलं आणि त्यात एक सोपा प्रश्न विचारला. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. असं आमचं दर आठवड्याला चालू झालं, वर्गात मी त्याचा उल्लेखही केला नाही. सहामाहीपर्यंत रेकॉर्डिंग मिनिटभराची व्हायला लागली होती.

मग एकदा तिची जोडीदार आली नव्हती म्हणून मी तिच्या बाकावर जाऊन बसले. विषय होता सुट्टीच्या दिवशी काय करता. मी विचारलं, तिने हळू आवाजात दोन वाक्यं सांगितली, जरा थांबली, आणि म्हणाली, "उंड झी?" म्हणजे, आणि तुम्ही? 'डू' नाही, 'झी', मॅडमना म्हणायचं तसं. मी उत्तर दिलं आणि तिने वहीत बघून मला पुढचा प्रश्न विचारला.